एका खोकणाऱ्यामागे चार

नियम असा होता:
डांग्या खोकल्याचं एक मूल सापडलं
की त्याच्या दारातून उजवीकडे निघायचं,
त्याच वयाची, न खोकणारी चार शोधायची
आणि पाचही घरांत एकच विचारायचं –
सुई किती वेळा, केव्हा?

पारोळ्याच्या लॉजवर, पंख्याखाली, सोपं वाटलं होतं.

बोरीकाठी एप्रिलचे अकरा.
अंगणवाडीच्या मथुराबाईंच्या डोक्यावर ओला टॉवेल,
माझ्या खांद्याला थंड डबा,
डब्यात नाकातून घशापर्यंत जाणाऱ्या काड्या.
पहिल्या दारात कार्ड दादरीच्या पिठात जपलेलं, करकरीत.
दुसऱ्यात: "कारड बकरीनी खाई टाकं."
तिसऱ्यात कार्ड होतं, पण त्यावर
दुधाचा हिशेब. दीड लिटर, एक लिटर, नागा.
चौथ्यात आजोबांनी नातवाची मांडीच दाखवली,
"हाई देख, अठेच टोचेल शे."
मांडीवर काही नव्हतं.
मी लिहिलं: तोंडी माहिती.

मथुराबाईंच्या वहीत तारखांपेक्षा मजकूर जास्त.
तिसरी राहिली, ऊसतोडीला गेले.
बूस्टर राहिला, मामाच्या गावी.
नको म्हणाली, मागच्या खेपेला रात्रभर ताप.

तिन्ही सुया आणि बूस्टर घेतलेला, चार वर्षांचा लखन
पऱ्हाट्यांच्या ढिगाआड उकिडवा बसून खोकत होता.
एका दमात अठरा.
मग पत्र्याच्या फटीतून वारा शिरावा
तशी आत ओढलेली हवा.
एकही सुई न घेतलेली शेजारची तेजू
धडधाकट उभी राहून
त्याचे खोकले मोठ्याने मोजत होती.
त्याची आई म्हणाली, "मंग सुईना काय उपेग?"

एकट्या लखनकडे याचं उत्तर नाही,
तेजूकडेही नाही, हे तिला कसं सांगू.
उत्तर असतं रात्री शांत झोपलेल्या घरांत,
आणि झोपेची तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात येत नाही.
न आलेला खोकला
असा उन्हात दारोदार फिरून मोजावा लागतो.
मी एवढंच म्हणाले, "पुष्कळदा थांबवते. नेहमी नाही."
मथुराबाईंनी त्याचं अहिराणी केलं. ते बरंच लांबलं,
त्यात काट्याची कुपाटी आली, रानडुक्कर आलं;
एखादं शिरतं म्हणून कुणी कुपाटी मोडून टाकत नाही,
असं काहीसं.
योगिता हसली नाही. पण बाज पुढे सरकवली.

तेवढ्यात आतला आवाज थांबला.
झोळीतून मघापासून बारीक कण्हणं येत होतं,
मी ते ऐकत होते, मोजत नव्हते.
मथुराबाई उठल्या.
अडतीस दिवसांची मुलगी, ओठ जांभळे.
इतकी लहान मुलं खोकतच नाहीत कधीकधी,
श्वास घ्यायचा विसरतात.
पालथ्या हातावर घेऊन मथुराबाईंनी पाठ चोळली,
तळव्यांवर टिचक्या मारल्या,
आणि कुठल्याशा देवाला शिवी दिली.
रडली.
रुग्णवाहिकेला चाळीस मिनिटं. तिथून धुळे.

पहिली सुई दीड महिन्याला. आठवडा बाकी होता.

रात्री लॉजवर माहिती भरली.
नाव: अजून नाही. बेबी ऑफ योगिता.
वय टाकताच ती ओळ राखाडी झाली:
निकषात बसत नाही, वगळा.
हिच्यामागे चार शोधायची गरज नाही.
हिला जपणारी सुई भावाला टोचायची होती, गल्लीला टोचायची होती;
भावाला टोचली होती.
याला रकाना नव्हता.
मी शेरा म्हणून लिहिलं, दोनशे अक्षरांची मर्यादा,
वाक्य मध्येच तुटलं.

तेविसाव्या दिवशी मथुराबाईंचा फोन.
पोरगी घरी आली. बारसं सोमवारी, आत्या यायची आहे.
बुधवारी सुई, वहीत लिहून ठेवलंय,
शिसपेन्सिलीनं.
शाईनं नंतर.